पहिलीच गाडी म्हणून जुना डिझेल पिकअप ट्रक घ्यायचाय? मग तो असा तपासून घ्या

पहिलीच गाडी, तीही डिझेल ट्रक, तीही सेकंडहँड आणि बजेट मोजकं. हे जमतं, चांगलं जमतं, फक्त गाडी बघायची पद्धत बदलावी लागते. पेट्रोल कार घेताना लोक मॉडेलचं साल बघतात, रनिंग बघतात, सीट आणि रंग बघतात, एक चक्कर मारतात आणि व्यवहार करून टाकतात. डिझेलमध्ये असं केलं की हमखास फसायला होतं, कारण थकलेलं डिझेल इंजिनसुद्धा एकदा गरम झालं की बऱ्यापैकी गुळगुळीत चालतं आणि त्याची बहुतेक दुखणी थंड असतानाच दिसतात. त्यामुळे पुढचं सगळं एका बाजूला आणि ही एक गोष्ट एका बाजूला: इंजिन पूर्ण थंड असताना, तुमच्या डोळ्यासमोर स्टार्ट झालं पाहिजे. आणि मीटरवरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसच्या बिलांवर विश्वास ठेवा, वेळच्या वेळी ऑइल बदललेला तीन लाख किलोमीटर चाललेला ट्रक मी दीड लाख चाललेल्या, कोणी काय केलं ते माहीतच नसलेल्या ट्रकच्या आधी घेईन.

(ह्या लेखात ट्रक म्हणजे पिकअप, मागे उघडा हौदा असलेला, मोठ्या मालवाहू गाड्यांचं गणित वेगळं असतं.)

आधी ठरवा, डिझेल खरंच हवंय का

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की पेट घेतो. पेट्रोलमध्ये हा दाब साधारण ९ ते १२ पटींचा, डिझेलमध्ये १५ ते २२ पटींचा, म्हणून ब्लॉक जाड, क्रँक जाड, सगळंच वजनदार, आणि म्हणूनच कमी आरपीएमवर जबरदस्त ओढ मिळते आणि नीट सांभाळलं तर इंजिन लाखो किलोमीटर टिकतं.

पण ह्याच वजनदार इंजिनाला गरम व्हायला वेळ लागतो. तुमचं रोजचं जाणं-येणं पाच-सात किलोमीटरचं असेल, लोड नाही, ट्रेलर नाही, हायवे नाही, तर नवीन पद्धतीचं डिझेल घेऊ नका, स्पष्ट सांगतो. नवीन गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ, आणि त्यात साठलेली काजळी जाळायला आतलं तापमान ६०० अंश सेल्सियसच्या आसपास न्यावं लागतं. ते काम हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवलं की निवांत होतं. छोट्या फेऱ्यांमध्ये ते दर वेळी अर्धवट सुटतं, गाडी पुन्हा पुन्हा जादा डिझेल फवारून जाळायचा प्रयत्न करते, त्यातलं काही डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंग झिजतात. म्हणजे गाडी वाईट नसते, वापर चुकीचा असतो. आठवड्यातून एकदा तरी लांबची चक्कर होणार असेल, सामान ओढायचं असेल, कच्च्या रस्त्यावर जायचं असेल तर बिनधास्त डिझेल बघा.

आणखी एक, पहिलीच गाडी आहे म्हणून. पिकअप रिकामा असताना मागचा भाग हलका असतो, ओल्या रस्त्यावर मागची चाकं पटकन घसरतात, ब्रेक लावल्यावर थांबायला कारपेक्षा जास्त अंतर लागतं आणि बोनेटसमोर बरीच जागा दिसतच नाही. शिकाऊ हातांना मध्यम आकाराचा ट्रक सोपा जातो. लायसन्सचंही बघा, युरोपात साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलो एकूण वजनापर्यंतच गाडी चालवता येते, बाकी देशांतही अशा मर्यादा असतात. जुन्या डिझेलला तुमच्या शहरात बंदी किंवा जादा शुल्क आहे का तेही आधी बघा, गाडी दारात आल्यावर नाही. इन्शुरन्सचा आकडासुद्धा आधी विचारून घ्या, नवीन ड्रायव्हरला तो कधी कधी धक्का देतो.

पैशांचं गणित

जेवढं बजेट आहे तेवढ्याचा ट्रक शोधू नका. एकूण पैशांतले निदान वीस-पंचवीस टक्के बाजूला काढा आणि ते नाहीतच असं समजा. डिझेलचे पार्ट महाग असतात कारण दाब प्रचंड असतो, कॉमन रेल इंजिनात (म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा) डिझेल १,६०० ते २,००० बार, काहींत त्याहूनही जास्त दाबाने इंजेक्टरमधून जातं, एवढा दाब सांभाळणारा पंप आणि इंजेक्टर स्वस्तात बनत नाहीत. साधं ऑइल बदलायचं म्हटलं तरी अडीच-तीन लिटरच्या इंजिनाला सहा ते नऊ लिटर लागतं आणि काही मोठ्या अमेरिकन व्ही-८ डिझेलला चौदा लिटरच्या आसपास. त्या मोठ्या ट्रकांत बॅटऱ्यासुद्धा दोन असतात, टायर जाड आणि जास्त लोडचे लागतात. हे सगळं एका महिन्यात अंगावर येऊ शकतं.

कुठल्या पिढीचं डिझेल घ्यायचं

ढोबळमानाने तीन पिढ्या आहेत. पहिली, पूर्ण मेकॅनिकल पंपवाली, साधारण नव्वदच्या दशकापर्यंतची, इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाही, कुठलाही जुना डिझेल मिस्त्री खोलून बसवू शकतो, पण आवाज मोठा, धूर जास्त, आणि आता ह्या गाड्या इतक्या जुन्या झाल्यात की इंजिन ठणठणीत असलं तरी चॅसिस, वायरिंग, रबराचे पाइप ह्यांनी दम सोडलेला असतो. एअरबॅग आणि एबीएस बऱ्याच गाड्यांत नसतातच, पहिल्यांदा चालवणाऱ्याने हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. दुसरी, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणि कॉमन रेल आलं पण डीपीएफ अजून आला नव्हता, अमेरिकेत साधारण २००७ च्या आधीची आणि युरोपात युरो ५ च्या आधीची, म्हणजे २००९-१० पूर्वीची बरीच मॉडेलं. तिसरी, डीपीएफ, ईजीआर (जळका धूर थोडा परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) आणि पुढे युरियावाली एससीआर सिस्टिम (धुरातले विषारी वायू कमी करणारी) असलेली. ह्या युरियाच्या पाण्याला अ‍ॅडब्लू म्हणतात, त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, उणे ११ अंशाला गोठतं, आणि टाकी कोरडी पडली तर बऱ्याच गाड्या इंजिन एकदा बंद केल्यावर पुन्हा चालू होऊ देत नाहीत.

तुमच्याकडचे नियम आडवे येत नसतील तर पहिल्या गाडीसाठी मला दुसरी पिढी सगळ्यात सोयीची वाटते, पुरेशी साधी आणि पुरेशी सुरक्षित. तिसरी वाईट नाही, पण ती पूर्ण बिलांसकटच घ्या आणि डीपीएफची अवस्था स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचणारं यंत्र) बघितल्याशिवाय अजिबात नको.

इंजिनाचं नाव काढा, गाडीचं नाही

जाहिरातीत ट्रकचं मॉडेल असतं, तुम्हाला इंजिनाचा कोड हवा. एकाच नावाच्या ट्रकमध्ये वेगवेगळ्या सालांत अगदी वेगळी इंजिनं असतात आणि प्रत्येकाचं ठरलेलं दुखणं असतं, ते आधी माहीत असलं की गाडीसमोर उभं राहिल्यावर नेमकं कुठे हात घालायचा ते कळतं.

काही उदाहरणं देतो. डॉज रॅमचं ५.९ लिटर कमिन्स, १२ व्हॉल्व्हवालं, १९८९ ते १९९८ चं, दणकट म्हणून ओळखलं जातं, पण त्यात टायमिंग कव्हरच्या आत एक छोटी डॉवेल पिन असते, ती सुटून गिअरमध्ये पडली की मोठं नुकसान, म्हणून तिला पट्टी लावून अडवलंय का ते विचारायचं. त्यानंतरच्या २४ व्हॉल्व्हमध्ये २००२ पर्यंत व्हीपी४४ पंप होता, डिझेल पुढे ढकलणारा छोटा लिफ्ट पंप कमजोर झाला की हा मोठा पंप कोरडा पडून मरतो, त्यामुळे फ्युएल प्रेशर मोजून घ्यायचं. फोर्डचं ७.३ पॉवर स्ट्रोक (२००३ पर्यंत) जड, संथ पण भरवशाचं, त्याचा कॅमशाफ्ट सेन्सर गेला की चालता चालता बंद पडतं, पार्ट मात्र छोटा आहे. त्याच्यानंतरचं ६.० (२००३ ते २००७) नवख्याने टाळावं असं माझं मत आहे, ऑइल कूलर चोंदतो, मग ईजीआर कूलर फुटतो, मग हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड ह्यांच्यामधलं सील), एकातून दुसरं. शेवरलेच्या ड्युरामॅक्समध्ये २००१ ते २००४ च्या एलबी७ ला इंजेक्टरचा त्रास आणि ते व्हॉल्व्ह कव्हरच्या आत असल्यामुळे मजुरी जबर, तर २००६-०७ चं एलबीझी लोक शोधून शोधून घेतात. २०११ नंतरच्या काही ट्रकांत सीपी४ नावाचा हाय प्रेशर पंप आहे, तो आतून झिजून तुटला की धातूचा चुरा पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळीकडे जातो आणि अख्खी फ्युएल सिस्टिम बदलावी लागते, २०१९-२० च्या रॅमवर तर ह्यासाठी कंपनीने रिकॉलच काढला.

मध्यम आकारात बघायचं तर टोयोटा हायलक्सचं ३.० लिटर १केडी टिकाऊ, पण इंजेक्टरखालचं सीट गळायला लागलं की जळका गॅस ऑइलमध्ये काजळी करतो, ती ऑइल पंपाच्या जाळीत अडकते आणि इंजिनाला ऑइलच मिळत नाही. निसान नवाराचं वायडी२५ ऐकताना टायमिंग चेनचा खळखळाट येतोय का बघा, चेन ताणली जायची तक्रार प्रसिद्ध आहे. मित्सुबिशीच्या ४डी५६ ला चेन नाही, बेल्ट आहे, कधी बदलला त्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा. फोर्ड रेंजरचं पाच सिलेंडरचं ३.२ ऑइल बदलताना जास्त वेळ रिकामं सोडलं तर पंप पुन्हा ऑइल उचलत नाही, त्यामुळे ते कोणाच्या हातून सर्व्हिस झालंय हे महत्त्वाचं. इसुझूचं ४जेजे१ ह्या सगळ्यांत कमी कटकटीचं मानतात आणि ते मलाही पटतं.

फोनवरच अर्धी गाळणी करा

विकणाऱ्याला सरळ विचारा: किती वर्षं तुमच्याकडे आहे, का विकताय, ट्रेलर ओढलाय का, ऑइल किती किलोमीटरला बदलता, इंजेक्टर, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा), क्लच ह्यांतलं काय काय झालंय, बिलं आहेत का, ट्यूनिंग केलंय का. उत्तरं काय येतात त्यापेक्षा कशी येतात ते ऐका, ज्याने ट्रक सांभाळलाय त्याला तारखा आठवतात, कुठला फिल्टर टाकला ते आठवतं, आणि तो स्वतःहून गाडीतले एक-दोन दोषसुद्धा सांगतो.

शेवटी एवढंच म्हणा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, मला थंड बघायचीय. ह्यावर जो कुरकुर करतो त्याच्याकडे जायची गरज नाही.

थंड इंजिन, आणि इथे घाई नको

सकाळी जा, उजेडात जा, पावसात नको कारण ओल्या गाडीवर गळती आणि रंगाचे डाग दोन्ही लपतात. पोचल्या पोचल्या नमस्कार झाला की बोनेट उघडायला सांगा आणि ब्लॉकवर, रेडिएटरच्या वरच्या पाइपवर तळहात ठेवा. कोमट लागला तर गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. भांडू नका, दुसऱ्या दिवशी परत येतो म्हणा, आणि दुसऱ्या दिवशीही कोमट असेल तर विषय संपवा.

थंड आहे? मग आधी डिपस्टिक ओढा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, बदलल्यावर काही तासांतच काळं होतं, त्यावरून काही ठरवू नका. बघायचं ते असं: पातळी वरच्या खुणेच्याही वर आहे का, बोटावर घेतल्यावर पाण्यासारखं पातळ लागतंय का, वास डिझेलचा येतोय का, असं असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. रंग दुधाळ, कॉफीसारखा असेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) मिसळलंय, तिथूनच मागे फिरा. मग कूलंटची टाकी, वर तेलाचा तवंग किंवा काळा गाळ नको. रेडिएटरचं झाकण फक्त आणि फक्त थंड असतानाच उघडायचं, गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं.

आता किल्ली अर्ध्यावर फिरवा. डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले पाहिजेत, चेक इंजिनचा दिवासुद्धा, आणि स्टार्ट झाल्यावर गेला पाहिजे. आधी लागलाच नाही तर कोणीतरी तो काढलाय. ग्लो प्लगचा (स्टार्ट करण्याआधी सिलेंडर तापवणारा हीटर) पिवळा स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबा आणि मग सेल्फ मारा, ह्या वेळी एक माणूस आत आणि तुम्ही सायलेन्सरच्या बाजूला.

चांगलं इंजिन दोन-तीन सेकंदांत उचलतं. फार थंडीत थोडा जास्त वेळ लागला आणि पांढरट धूर एखादं मिनिट राहिला तर चालतं. पण सेल्फ बराच वेळ फिरत राहिला, मग एक-दोन सिलेंडर उचलले, गाडी थरथरत उभी राहिली आणि हळूहळू बाकीचे आले, तर ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन ह्यांतलं काहीतरी गेलंय. ग्लो प्लग असतील तर खर्च आवाक्यातला, कॉम्प्रेशन असेल तर इंजिन काम, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून विकणारा नेहमी ग्लो प्लगच सांगेल.

धुराचा रंग आणि वास दोन्ही घ्या. पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो आणि कच्च्या डिझेलचा वास येतो म्हणजे डिझेल जळत नाहीये. पांढराच, पण गोडसर वास, आणि गरम झाल्यावरही थांबत नाही, म्हणजे कूलंट जळतंय, हेड गॅस्केट किंवा ईजीआर कूलर. निळसर म्हणजे ऑइल, रिंगा किंवा टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्हचं सील. काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, टर्बोचा पाइप फाटला असेल, ईजीआर अडकला असेल, एअर फिल्टर चोंदला असेल, इंजेक्टर गळत असेल, हा त्यातल्या त्यात बरा रंग.

सुरू झाल्यावर लगेच रेडिएटरचा वरचा पाइप पुन्हा दाबा. अजून इंजिन थंडच आहे, त्यामुळे पाइप मऊ असायला हवा. एका-दोन मिनिटांत दगडासारखा कडक झाला तर सिलेंडरचा दाब कूलंटमध्ये शिरतोय.

पाच मिनिटं चालू राहू द्या आणि ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. थोडीशी वाफ, थोडं थरथरणं नॉर्मल आहे. झाकण उडून पडलं किंवा तोंडातून इंजिनाच्या ठोक्यासोबत धुराचे भपके यायला लागले तर रिंगा आणि बोअर झिजलेत, ह्याला ब्लो-बाय म्हणतात. काही इंजिनांत झाकणाजवळच हवेचा झोत असतो, त्यामुळे फक्त झाकणावरून निकाल देऊ नका, पण धुराचे भपके दिसले तर मेकॅनिकला कॉम्प्रेशन मोजायला लावाच.

इंजेक्टरच्या किंवा हाय प्रेशर पाइपच्या आसपास ओलं दिसलं तर चालू इंजिनात बोटाने चाचपू नका. एवढ्या दाबाचा बारीक फवारा कातडीतून आत जातो आणि दिसायला टाचणी टोचल्यासारखं असलं तरी तातडीने दवाखाना लागतो.

खाली आडवे व्हा

जुनं कापड आणि टॉर्च घ्या. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, पिकअप तसाही उंच असतो. चॅसिसचे दोन लांब रूळ पुढून मागेपर्यंत बघा, विशेषतः मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बसतात तिथे, कारण चिखल आणि मीठ तिथेच साठतं. वरवरचा तांबूस गंज सगळ्यांनाच असतो, पण छोट्या हातोडीने ठोकल्यावर टणटण असा स्वच्छ आवाज यायला हवा, दबका आला किंवा पापुद्रे सुटले तर आत पोकळ झालंय. ताजा काळा रंग फासलेला दिसला तर जास्तच लक्ष द्या. ब्रेकचे लोखंडी पाइप गंजलेत का, पाटे तुटलेत का, डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या खाली तेलाचे थेंब आहेत का, हेही तिथल्या तिथे.

ट्रकने किती कष्ट केलेत तेही खालूनच कळतं. मागचा ट्रेलरचा हुक चकचकीत घासलेला, हौद्यात जड ट्रेलरसाठी पाडलेली भोकं, मागचे पाटे सरळ झालेले किंवा जादा पान टाकलेलं, म्हणजे वजन ओढलंय. तो गुन्हा नाही, ट्रक त्यासाठीच असतो, पण मग गिअरबॉक्स आणि ब्रेकची बिलं मागायची.

टर्बो बघायचा तर इंजिन बंद करून, थंड असताना, हवेचा पाइप काढून. शाफ्टला बोटाने हलवा, आडवं किंचित हललं तर ठीक, पुढे-मागे सरकायला नको, आणि पंख्याची पाती बाजूला घासल्याच्या खुणा नकोत.

छेडछाड केलेला ट्रक ओळखा

भरपूर पॉवरसाठी ट्यून केलेला, डीपीएफ आणि ईजीआर काढून टाकलेला ट्रक पहिल्या गाडीसाठी घेऊ नका, ह्यात मी अजिबात तडजोड करणार नाही. एक तर बहुतेक देशांत ते बेकायदा आहे आणि तपासणीत गाडी नापास होते, परत बसवायचा खर्च तुमच्या गळ्यात. दुसरं म्हणजे ज्याने पॉवर वाढवली त्याने ती वापरलीही आहे, गिअरबॉक्स आणि हेड गॅस्केटने त्याची किंमत मोजलेली असते. ओळखायचं कसं? डीपीएफ असलेल्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात आत कापड फिरवा, जवळजवळ स्वच्छ निघायला हवं, काळीकुट्ट काजळी आली तर फिल्टर फुटलाय किंवा काढलाय. खाली सरळसोट नवीन पाइप, वेल्डिंगच्या ताज्या रेषा, लोंबकळणारे सेन्सरचे प्लग, डॅशवर जादा गेज किंवा त्यांच्या स्क्रूची भोकं, ह्या खुणा.

चालवून बघताना

कोपऱ्यापर्यंतची चक्कर उपयोगाची नाही, निदान अर्धा तास, त्यात चढ आणि मोकळा रस्ता दोन्ही हवेत. रेडिओ बंद, काच खाली. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा, आरपीएम वाढले पण स्पीड वाढला नाही तर क्लच घसरतोय. ऑटोमॅटिक असेल तर गिअर बदलताना दणका, उशीर, किंवा स्थिर वेगाला थरथर येते का बघा. चढावर टर्बोची एकसारखी बारीक शिट्टी ठीक, सायरनसारखा कर्कश आवाज नको. टेंपरेचरचा काटा चढावर वर जाऊन तिथेच अडकायला नको. फोर बाय फोर असेल तर कच्च्या किंवा निसरड्या जागी लावून बघा, कोरड्या डांबरावर नको. पुढे सलग अ‍ॅक्सल असलेल्या मोठ्या ट्रकांत ठरावीक स्पीडला खड्ड्यावरून गेलं की अख्खं स्टिअरिंग जोरजोरात हलायला लागतं, ते झिजलेल्या जॉइंटमुळे होतं आणि घाबरवणारं असतं.

परत आल्यावर लगेच बंद करा, दहा मिनिटं गप्पा मारा आणि पुन्हा स्टार्ट करा. थंड असताना चांगला पण गरम असताना वेळ लावणारा ट्रक म्हणजे बऱ्याचदा इंजेक्टरमधून डिझेल मागे गळतंय किंवा पंप झिजलाय, आणि ही तपासणी जवळजवळ कोणी करत नाही.

स्कॅनर, तास आणि मेकॅनिक

साधा ओबीडी स्कॅनर मिळतो, पण त्यावर एरर कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका, कोड आदल्या दिवशी पुसता येतात. कोड पुसल्यापासून किती अंतर झालं ते वाचा. डिझेल समजणारा चांगला स्कॅनर असेल तर प्रत्येक इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू (त्याचं डिझेल कॉम्प्युटरला किती कमी-जास्त करावं लागतंय तो आकडा), रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब), डीपीएफमधली काजळी आणि दोन वेळा साफ होण्यातलं अंतर बघा, हे अंतर फारच कमी असेल तर फिल्टर भरत आलाय.

काही ट्रक इंजिन किती तास चाललं ते दाखवतात, हा आकडा सोडू नका. १,८०,००० किलोमीटर आणि ४,००० तास म्हणजे सरासरी ४५ चा वेग, छान. तेच किलोमीटर आणि ७,५०० तास म्हणजे सरासरी २४, हा ट्रक उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवून काम करत होता आणि मीटर सांगतो त्यापेक्षा इंजिन खूप जास्त झिजलंय.

एवढं सगळं पास झालं तर मग पैसे देऊन डिझेलवाल्या मेकॅनिककडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, आणि पेट्रोल कारवर काम करणाराही नको. कॉम्प्रेशन, ब्लो-बाय, इंजेक्टरची परतीची गळती एवढं मोजायला सांगा.

कागदपत्रं पटकन: चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर आणि कागदावर तेच, विकणाऱ्याचं नाव तेच, कर्ज बाकी नाही, अपघात किंवा पुराची नोंद नाही, रिकॉलचं काम झालेलं. एकही जुळलं नाही तर थांबा.

भाव करताना

सापडलेल्या दोषांची यादी कागदावर करा, प्रत्येकापुढे दुरुस्तीचा खर्च लिहा आणि तो कागद शांतपणे समोर ठेवा. गाडीला नावं ठेवू नका, माणूस दुखावतो आणि आकडा हलत नाही. टायर, ब्रेक, बॅटरी, ग्लो प्लग, शॉक अ‍ॅब्झॉर्बर ह्यांवर भाव कमी करून घ्यायचा. दुधाळ ऑइल, कूलंटमध्ये दाब, पोकळ चॅसिस, धातूचा चुरा सापडलेला फ्युएल फिल्टर, ह्यांवर भाव करायचाच नाही, कितीही स्वस्तात दिला तरी.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात

बाजूला ठेवलेले पैसे आता काढा. इंजिन ऑइल आणि फिल्टर, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, डीपीएफ असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं. फ्युएल फिल्टर बदला आणि जुना कापून बघा, पाणी, गाळ किंवा चमचमणारे कण दिसतायत का. डिझेलच पंपाला वंगण देतं, त्यामुळे पाणी मिसळलेलं डिझेल म्हणजे पंपाचा मृत्यू, फिल्टरखालचा पाणी सोडायचा नळ दर महिन्याला उघडायची सवय लावा. एअर फिल्टर, कूलंट, गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल, बेल्ट, ब्रेक ऑइल. टायमिंग बेल्टवालं इंजिन असेल आणि बिल नसेल तर तो सगळ्यात आधी, बाकी नंतर.

मग पहिले दोन-तीन महिने दर रविवारी, थंड असताना, ऑइल आणि कूलंटची पातळी एका वहीत तारखेसह लिहा. ऑइल कमी होतंय, वाढतंय की तिथंच आहे हे चार-पाच नोंदींत स्पष्ट होतं, कूलंट थेंबाथेंबाने कमी होत असेल तर तेही तिथेच दिसतं, आणि मेकॅनिककडे गेल्यावर वहीचं ते पान पुढे केलं की तो अंदाजाने पार्ट बदलत बसत नाही, नेमकं कुठे बघायचं ते त्याला कळतं.